वंशपरंपरागत अपक्ष उमरावाचे संसदीय काम नोंदींवरून कसे वाचावे

ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, वारशाने मिळालेल्या उपाधीच्या बळावर बसणारा आणि कोणत्याही पक्षाचा नसलेला सदस्य नेमके काय काम करत आला, हे शोधायला बसलेला वाचक बहुधा आधी आकडे गोळा करतो. किती दिवस हजेरी, किती भाषणे, किती प्रश्न, किती वेळा मतदान, अशी बेरीज मांडली की आळशी कोण आणि उद्योगी कोण हे कळेल असे वाटते. मीही बरीच वर्षे हेच करत होतो, आणि माझे निष्कर्ष वारंवार चुकत होते. पक्षातल्या सदस्याचे काम समजायला पक्षाच्या धोरणाचा आधार असतो. अपक्षाच्या बाबतीत तो नसल्यामुळे त्याने वर्षानुवर्षे धरून ठेवलेला विषय आपल्यालाच शोधावा लागतो, आणि तो विषय पहिल्या प्रश्नापासून कायद्याच्या कलमाच्या किती जवळ पोचला, हे तारीखवार लावून पाहावे लागते.

सुरुवात सदस्य सभागृहात कसा आला इथून करावी. 1999 च्या हाऊस ऑफ लॉर्ड्स कायद्याने बहुसंख्य वंशपरंपरागत उमरावांचा बसण्याचा हक्क गेला आणि 92 जागा तेवढ्या राखल्या गेल्या. त्यांपैकी दोन जागा अर्ल मार्शल आणि लॉर्ड ग्रेट चेंबरलेन या पदांच्या, 15 जागा संपूर्ण सभागृहाने निवडलेल्या आणि उरलेल्या 75 गटवार वाटलेल्या होत्या. या 75 मध्ये 28 जागा क्रॉसबेंचच्या, म्हणजे अपक्षांच्या बाकांच्या होत्या. पुढे अशी एखादी जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होई आणि तीत त्या गटाचे वंशपरंपरागत सदस्यच मत देत. उमेदवाराला आपली बाजू मांडायला जास्तीत जास्त 75 शब्द मिळत. हे निवेदन आवर्जून मिळवून वाचावे, कारण आपण कोणत्या विषयांत उपयोगी पडू हे उमेदवाराने त्यात स्वतः सांगितलेले असते, आणि त्याच्या पुढच्या कामाची तुलना करायला याहून न्याय्य मोजपट्टी नाही. 2024 च्या जुलैत या पोटनिवडणुका स्थगित झाल्या आणि सप्टेंबरमध्ये उरलेल्या वंशपरंपरागत सदस्यांचा हक्क संपवणारे विधेयक मांडले गेले. या लोकांनी 1999 नंतरच्या पाव शतकात काय केले, हे नीट तपासण्याची गरज त्यामुळे वाढलीच आहे.

यानंतर नावाची खात्री करावी. इथे नवखा वाचक हमखास फसतो. हॅन्सार्ड, म्हणजे संसदेतील कामकाजाचा अधिकृत वृत्तांत, उमरावाची नोंद उपाधीने करतो, आणि उपाधी बापाकडून मुलाकडे जाते. ‘अर्ल ऑफ लिस्टोवेल’ हे नाव शोधले तर 1947 च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळात शेवटचे भारतमंत्री असलेले पाचवे अर्ल आणि सरकारी देखभालीत वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न लावून धरणारे सहावे अर्ल एकाच नावाखाली सापडतात. वडील मजूर पक्षाचे, मुलगा क्रॉसबेंचवरचा. 1997 हे वारशाचे वर्ष लक्षात ठेवले नाही, तर एकाची भाषणे दुसऱ्याच्या खाती जमा होतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर उपाधीचा क्रमांक, वारशाचे वर्ष आणि सभागृहात बसल्याची वर्षे लिहून ठेवावीत. मधला खंडही नोंदवावा. व्हाइसरॉय लिटन यांचे पणतू असलेले पाचवे अर्ल ऑफ लिटन 1999 मध्ये सभागृहाबाहेर गेले आणि 2011 च्या पोटनिवडणुकीने परतले. मधल्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही भाषण नसणे ही गैरहजेरी नाही, कारण तेव्हा ते सदस्यच नव्हते.

आता लेखी प्रश्नांकडे वळावे, कारण सदस्याची चिकाटी तिथे सर्वांत आधी दिसते. तोंडी प्रश्नाच्या वेळा मोजक्या असतात आणि मिनिटे त्याहून मोजकी. लेखी प्रश्न मात्र सदस्य आपल्या मर्जीने देऊ शकतो आणि त्याला दहा कामकाजी दिवसांत उत्तर अपेक्षित असते. प्रश्न एकेकटे वाचू नयेत. एका विषयावरचे सगळे प्रश्न तारखेच्या क्रमाने एकाखाली एक लावावेत आणि प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाशेजारी ठेवून वाचावे. पहिल्या प्रश्नात एखाद्या गोष्टीची संख्या विचारलेली असते आणि मंत्री उत्तर देतात की अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. कामाकडे गंभीरपणे पाहणारा सदस्य तिथे थांबत नाही. ती माहिती मग कोणाकडे असते, ती गोळा करण्याचा विचार झाला होता का, नसेल तर धोरण कशाच्या आधारे ठरले, असे त्याचे पुढचे प्रश्न येतात. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला उत्तराची भाषा किंचित बदलते, ‘योजना नाही’च्या जागी ‘विचाराधीन आहे’ येते, आणि तिथे पेन्सिलीने खूण करावी.

काउंटेस ऑफ मार यांची नोंद या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. त्या 1975 पासून 2020 पर्यंत सभागृहात होत्या, आणि 1999 नंतर राहिलेल्या वंशपरंपरागत सदस्यांमधल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक होत्या. 1989 मध्ये स्वतःच्या शेतावर मेंढ्यांना औषधी पाण्यात बुडवताना त्यांचा ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाशी संपर्क आला आणि त्यांची प्रकृती बिघडली. त्यानंतर या रसायनाचा आणि त्यामुळे आजारी पडलेल्या शेतकऱ्यांचा विषय त्यांनी सोडला नाही. सरकारे बदलली, खात्यांची नावे बदलली, मंत्री तर कितीतरी आले-गेले, पण प्रश्न विचारणारी व्यक्ती तीच राहिली. मागच्या मंत्र्याने काय आश्वासन दिले होते हे समोरच्या मंत्र्याला ठाऊक नसताना तिला ठाऊक असे. दीर्घ काळ बसणाऱ्या अपक्ष सदस्याचे खरे बळ यात आहे, आणि बेरजेच्या तक्त्यात ते कधीच दिसत नाही.

सर्वांत जास्त वेळ दुरुस्त्यांना द्यावा. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, कोणत्या दुरुस्तीवर चर्चा व्हावी याची निवड अध्यक्ष करतात. लॉर्ड्समध्ये अशी निवड होत नाही, त्यामुळे एकट्या अपक्ष सदस्याने दिलेल्या दुरुस्तीलाही मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या वाचनानंतर, म्हणजे विधेयकाच्या तत्त्वांवरील चर्चेनंतर, विधेयक कलमवार तपासणीच्या समिती टप्प्यात येते. तिथल्या बऱ्याच दुरुस्त्या मंजूर व्हाव्यात म्हणून दिलेल्याच नसतात. सरकारचा हेतू उघड करून घेणे, कलमातली संदिग्धता मंत्र्यांच्या तोंडून दूर करून घेणे, हा त्यांचा उद्देश असतो. म्हणून चर्चेच्या शेवटी सदस्य ‘दुरुस्ती मागे घेण्याची परवानगी मागतो’ असे म्हणतो. नवखा वाचक इथे ‘अपयश’ अशी नोंद करून मोकळा होतो, आणि नेमकी हीच चूक टाळायची आहे. हा टप्पा ग्रँड कमिटीत, म्हणजे मुख्य सभागृहाबाहेर भरणाऱ्या समितीत, झाला असेल तर तिथे मतविभागणी होतच नाही आणि एकाही सदस्याचा विरोध असला तरी दुरुस्ती संमत होत नाही, त्यामुळे ती मागे घेण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा वेळी चार कागद शेजारी ठेवावेत. दुरुस्तीचा मूळ मजकूर, मंत्र्यांचे उत्तर, समितीनंतरच्या अहवाल टप्प्यावरची दुरुस्त्यांची यादी आणि संमत झालेला कायदा, असे ते चार कागद. मंत्र्यांच्या उत्तरात ‘या मुद्द्यावर सदस्यांशी चर्चा करू’ किंवा ‘अहवाल टप्प्यापूर्वी पुन्हा विचार करू’ असे वाक्य असेल तर ते उतरून घ्यावे, आणि अहवाल टप्प्यावर सरकारच्या नावाने त्याच कलमाला काही दुरुस्ती आली आहे का ते पाहावे. शब्द वेगळे असतात, ओळी पुढेमागे होतात, नाव मंत्र्यांचे असते, पण आशय ओळखता येतो. मंत्री ती मांडताना मूळ सदस्याचा उल्लेख करून आभार मानतात, तेवढाच काय तो दुवा असतो. दुरुस्तीखाली आणखी कोणाची नावे आहेत हेही पाहावे. एका अपक्षाच्या नावाखाली सरकार पक्षाचा, विरोधी पक्षाचा सदस्य आणि सभागृहात बसणारे एखादे बिशप अशी नावे असतील, तर त्यामागे सभागृहाबाहेर बरीच बोलणी झालेली असतात. त्या बोलण्यांची नोंद हॅन्सार्डमध्ये नसते, पण त्यांचा माग या नावांत असतो.

अर्ल ऑफ लिटन यांचे उदाहरण घेऊन ही पद्धत करून पाहता येते. 14 जून 2017 रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसे गेली. त्यानंतर अनेक इमारतींच्या सदोष बाह्य आवरणाचा प्रश्न उभा राहिला आणि दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हा वाद सुरू झाला. व्यवसायाने चार्टर्ड सर्व्हेयर असलेल्या लिटन यांनी 2022 च्या इमारत सुरक्षा विधेयकात, ज्याच्या बांधकामात दोष राहिला त्यानेच पैसे द्यावेत आणि सदनिकाधारकांवर भार पडू नये, या तत्त्वावर दुरुस्त्या दिल्या, आणि कायदा झाल्यावरही न थांबता 2023 मध्ये प्रादेशिक विकासाशी संबंधित दुसऱ्या विधेयकात तोच विषय पुन्हा आणला. एक विधेयक संपले म्हणून वाचकाने वही मिटू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

मतविभागणीच्या याद्या सावधपणे वाचाव्यात. क्रॉसबेंचवर पक्षादेश नसतो आणि त्यांचे कन्व्हीनर, म्हणजे समन्वयक, कोणाला मत कसे द्यावे हे सांगत नाहीत. यादीत नाव नसेल तर त्याचा अर्थ विरोध, तटस्थता, आजारपण किंवा ‘चर्चा ऐकलेली नाही, म्हणून मत देणार नाही’ अशी भूमिका, यांपैकी काहीही असू शकतो, कारण तटस्थांची वेगळी नोंद होत नाही. म्हणून एकेका मतावरून मत बनवू नये. सदस्याच्या स्वतःच्या विषयातल्या मतविभागण्या तेवढ्या काढाव्यात आणि त्याने दोन्ही बाजूंच्या सरकारांविरुद्ध मत दिले आहे का ते पाहावे. नाव अपक्षाचे आणि मत नेहमी एकाच बाजूचे, असेही आढळते, आणि तसे आढळले तर ते स्पष्ट लिहावे.

समित्यांच्या कामासाठी अहवालापेक्षा साक्षीचे इतिवृत्त वाचावे. अहवाल सर्वांच्या नावाने निघतो, पण साक्षीदाराला कोणता प्रश्न कोणी विचारला हे इतिवृत्तात क्रमांकासह असते.

शेवटी हितसंबंधांची नोंदवही उघडावी. जमीन, कंपन्यांचे समभाग, पगारी पदे, विश्वस्तपदे हे सर्व तिथे असते, आणि चर्चेतही सदस्याने संबंधित हितसंबंध बोलून जाहीर करायचा असतो. वारशाने मोठी शेतजमीन असलेला सदस्य शेती अनुदानावर बोलला म्हणून तो लगेच स्वार्थी ठरत नाही, कारण त्या विषयाची जाणही त्याला तिथूनच आलेली असू शकते. मात्र त्याने मागितलेल्या बदलाचा फायदा त्याला एकट्याला किती आणि इतरांना किती, हा प्रश्न प्रत्येक दुरुस्तीपाशी विचारावा, आणि त्याचे उत्तर वहीत त्या दुरुस्तीच्या तारखेसमोरच लिहावे.