दारुड्याला सोंगाड्या केलं, तिथंच फसलो

तमाशाचा गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे गोष्टीचं नाट्य, हा क्रम तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात वेळ घालवत नाही. पथनाट्यात लोककलेचा बाज आणायला निघालेल्या पुण्यातल्या नव्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी जिथं तोंडावर आपटलो, तिथं तुम्ही आपटू नका.

आमचा विषय होता दारू. पर्वतीच्या पायथ्याची वस्ती, २२ मिनिटांचा वग, नवऱ्याच्या पिण्यानं मोडलेला संसार. संहिता माझी. गटातला सगळ्यात हजरजबाबी पोरगा दारुड्या झाला. त्याची अडखळती जीभ, बायकोवर उगारलेला हात, तोल जाऊन पडणं, सगळ्यावर लोक पोट धरून हसले. आम्ही खूश. स्वारगेटला वडापाव खाताना तर आपण समाज बदलला अशाच थाटात होतो.

चार दिवसांनी पुन्हा तिथं गेलो. बारकी पोरं त्याच दारुड्याची नक्कल करत होती. एक जण झुलत झुलत दुसरीवर हात उगारत होता आणि बाकीची खिदळत होती. बायकोचं काम केलेल्या मुलीचं एक वाक्यसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. आमच्याबरोबर हलगी वाजवणारे काका एवढंच म्हणाले, "दारुड्याला सोंगाड्या केलात, मग दुसरं काय व्हायचं?"

हे नीट समजून घ्या, मला समजायला वर्ष गेलं. वगात लोकांना हसवणारा सोंगाड्या कोण असतो? राजाचा शिपाई, पाटलाचा गडी. राजा हुकूम सोडतो आणि हा भाबडा चेहरा करून त्या हुकमाचा असा काही अर्थ लावतो, की हुकमाचंच हसं होतं. तो खालच्या जागेवरून बोलतो म्हणून बघणारा त्याच्या बाजूचा होतो. ज्याच्यामुळं माणूस हसतो त्याच्यावर माया बसतेच. आम्ही ती माया मारणाऱ्याच्या पदरात टाकली होती. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही घसा फोडून संदेश दिला, पण लोक तोवर दारुड्याला घेऊन घरी गेलेले. बुवाबाजीवर करताय? बुवाला विनोदी केलंत की बुवा लाडका होणार. हसवायचं काम त्याच्या पायाशी बसून साधेसुधे प्रश्न विचारणाऱ्या भक्ताला द्या. हुंड्यावर करताय? नवरदेवाच्या बापाला एकही टाळीचं वाक्य देऊ नका, कितीही सुचलं तरी.

आम्ही मग सोंगाड्याचं काम शेजारच्या मावशीला दिलं. गवळणीत कृष्णाची फिरकी घेणारी मावशी असते ना, तिचंच बेणं ते. दारुड्या म्हणायचा, "मी या घरचा राजा आहे!" मावशी विचारायची, "राजं, रेशनकार्ड पिवळं का केशरी?" हशा तोच, पण आता तो दारुड्यावर पडायचा.

सांगाडा जुना ठेवून आशय फिरवण्याची ही युक्ती काही आमची नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी याच पुण्यात सत्यशोधक समाज उभा राहिला. पुढं त्या विचारातून जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणारे कार्यक्रम, निघाले, ते तमाशाच्याच घाटावर, फक्त गणातलं गणेशस्तवन गेलं. नंतर आंबेडकरी जलसे आले, आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक. या माणसांना फेटा भाड्यानं आणावा लागत नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

तीन दिवसांत लोककला शिकवणाऱ्या शिबिरांबद्दल माझं मत वाईट आहे. प्रमाणपत्र मिळतं, कान तयार होत नाही. त्यापेक्षा गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला जा. तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेतल्या खेळाची सुपारी द्यायला येतात. कुठल्या फडाची तारीख कुठल्या गावात आहे ते विचारा आणि तिथं जाऊन अख्खी रात्र बसा. मोबाईलवरच्या क्लिपमध्ये सोंगाड्या थांबतो कुठं ते कळत नाही, आणि सगळी गंमत थांबण्यात असते. स्पर्धा जिंकून आलेल्या दिग्दर्शकाकडून हे शिकायला जाल तर तो आधी लाइट कुठून मारायचा ते विचारेल.

घाबरवतोय असं वाटत असेल तर सांगतो, आमच्या पहिल्या प्रयोगाला नऊ माणसं होती आणि दोन कुत्री. त्यातलं एक मध्येच रिंगणात येऊन बसलं. तरी निभावलं. आवाज बसणं, वाक्य विसरणं, पोलिसांनी परवानगीचा कागद मागणं, सगळं निभावतं. फक्त नळाला पाणी यायच्या वेळी प्रयोग लावू नका. बाया येत नाहीत, आणि येऊही नये.

पैसे जमले की आधी हलगीवाल्याचं मानधन बाजूला काढा, फ्लेक्स नंतर. आणि जूनमध्ये करणार असाल तर पिशवीत कोरडी रद्दी आणि काडेपेटी ठेवा. पावसाळी हवेत कातडं सैल पडून हलगीचा आवाज उतरतो, दर अर्ध्या तासानं शेकावी लागते.