विंडोज मारताना या चुका टाळा

आमच्याकडे विंडोज कुणी इन्स्टॉल करत नाही, ‘मारतात’. ‘जरा फॉरमॅट मारून दे ना’ हे वाक्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून मला जास्तच ऐकू यायला लागलंय. काम तासाभराचं. पण नंतर जो रडारडीचा फोन येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा पेनड्राइव्ह लावायच्या आधीच घडून गेलेलं असतं.

‘सीमध्ये काही नाही, सगळं डीमध्येच आहे’

असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः म्हणत असाल तर स्वतःवरही नको. सी म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, फॉरमॅट मारताना तो पुसला जातो. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं मुळात सीमध्येच असतं. टॅलीचा डेटा बऱ्याच मशीनवर सीमधल्या यूझर्सच्या आत, पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये असतो. तिकडे कुणी डोकावतही नाही.

मागे एका डीटीपीवाल्या काकांचा पीसी मी साफ केला. लग्नपत्रिकांच्या फाइली सगळ्या जपल्या, फॉन्ट मात्र घेतले नाहीत. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट होते ते. नव्या विंडोजवर पहिली फाइल उघडली, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. काका काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून सीमधल्या विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर मी सगळ्यात आधी कॉपी करतो.

दुसरं बिटलॉकरचं. हल्लीच्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं कुलूप, मालकाला पत्ता नसताना चालू झालेलं असतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट या सुरक्षेच्या पर्यायाशी चाळा केलात की निळा स्क्रीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आणि ते खातं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. म्हणून आधी खात्यात शिरून की लिहून घ्या, मगच बायोस उघडा.

पेनड्राइव्ह

विंडोजचा सेटअप असलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली म्हणजे तो बूटेबल होत नाही, त्यावरून मशीन उठत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस वापरा, निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा बारशाचे फोटो आधी काढून ठेवा. आयएसओ टेलिग्रामवरून घेऊ नका. ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ विंडोज म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. तशी गरजही नसते: ज्या मशीनवर अस्सल विंडोज १० किंवा ११ होती, तिथे डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. सेटअपने प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणा आणि आधीची आवृत्ती होम असेल तर होमच निवडा. हौसेने प्रो निवडली की ॲक्टिव्हेशन अडतं.

एकच पेनड्राइव्ह, दोन नावं

बूट मेन्यू, म्हणजे मशीन कशावरून चालू करायचं ती यादी, डेल आणि लेनोवोवर सहसा एफ१२ने उघडतो, एचपीवर एफ९ने. तिथे कधी कधी एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकापुढे ‘यूईएफआय’ असतं. घाईत दुसरं निवडलं, की पुढे ‘ही डिस्क जीपीटी प्रकारची आहे, इथे विंडोज टाकता येत नाही’ असा निरोप येतो. मग लोक व्हिडिओ बघून डिस्कपार्ट हे डिस्कची विभागणी करणारं टूल उघडतात आणि ‘क्लीन’ टाइप करतात. त्या एका शब्दाने डीसकट सगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे सगळे भाग, उडतात. उपाय एवढाच होता: मशीन पुन्हा चालू करायचं आणि यूईएफआयवालं नाव निवडायचं.

डिस्कच दिसत नाही

सेटअपमधली डिस्कची यादी रिकामी बघून ‘एसएसडी गेली’ म्हणून नवी घेणारे मी पाहिलेत. डिस्क ठणठणीत असते. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क हाताळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि सेटअपकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, तो उलगडा आणि आतलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. नुसती ईएक्सई फाइल ठेवून उपयोग नाही, सेटअपला आतली आयएनएफ फाइल लागते. मग ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते फोल्डर दाखवलं की डिस्क हजर.

बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही भागतं, पण जुनी विंडोज ठेवायची असेल तर तो मार्ग नको, ती उठणार नाही. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर हा पर्याय दडवलेला असतो. बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबलं की वर येतो.

पार्टिशन उडवताना

सेटअपमध्ये सी-डी अशी अक्षरं दिसत नाहीत, फक्त ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १. शून्य म्हणजे एसएसडीच, असा नियम नाही. आकार बघा: ५१२ जीबीची एसएसडी ४७६ दाखवते, १ टीबीची हार्ड डिस्क ९३१. माझं मत विचाराल तर पीसीमधल्या दुसऱ्या डिस्कची केबल सरळ काढून ठेवा. नाहीतर कधी बूटची फाइल दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसते आणि वर्षभराने ती जुनी डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही.

पहिल्या रिस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर घाबरू नका, मशीन परत पेनड्राइव्हवरूनच उठलंय. पेनड्राइव्ह काढा. विंडोज ११ पुढे इंटरनेट मागते आणि वायफायचा ड्रायव्हरच नसतो, तेव्हा ॲन्ड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही हवी असेल तर आधी विंडोज, मग लिनक्स. त्यानंतर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलं तर मदरबोर्डवरची बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतातली समजून वाचते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की दोघांचं जमतं.