बसजाळ्याची आखणी: नकाशाआधी घड्याळ

प्रादेशिक बससेवेचे मूल्यमापन सुरू झाले की टेबलावर सर्वप्रथम मार्गांचा नकाशा येतो, आणि त्यावरील रेषांची गर्दी पाहून सेवा सर्वदूर पोहोचली आहे, असा समज सहज होतो. एखाद्या रेषेवर दिवसाला वीस फेऱ्या होतात की दोनच, हे मात्र तो नकाशा सांगत नाही. म्हणून फेऱ्यांच्या संख्येनुसार रेषांची जाडी ठरवून नकाशा पुन्हा काढावा. खरे जाळे किती विरळ आहे, ते तेव्हा दिसते.

त्यानंतर प्रवासी मोजावेत. केवळ तिकीटविक्रीवर विसंबू नये. कामाच्या एका आणि सुट्टीच्या एका दिवशी प्रत्येक थांब्यावर किती चढले व किती उतरले, याची नोंद घ्यावी. सरासरी भारमान, म्हणजे एकूण आसनांपैकी भरलेल्या आसनांचे प्रमाण, हा फसवा आकडा आहे, कारण सकाळी खच्चून भरून गेलेली आणि रिकामी परतलेली गाडी कागदावर निम्मी भरलेली दिसते. शिवाय मोजणीत येतात ते गाडीत बसलेले लोक. गाडीची वेळ सोयीची नसल्याने जे आलेच नाहीत, ते कोणत्याही तक्त्यात सापडत नाहीत. त्यासाठी उलट बाजूने प्रश्न विचारावा: अमुक वस्तीतून निघून रुग्णालयात, महाविद्यालयात किंवा कामावर वेळेत पोहोचता येते का आणि संध्याकाळी परतता येते का? तोट्यातील शेवटची फेरी बंद केल्यावर सकाळच्या गाड्यांचेही प्रवासी घटतात, याचे कारण इथेच आहे. परतीची खात्री नसलेला माणूस सकाळी बसमध्ये चढतच नाही.

आखणीस हात घालण्यापूर्वी एक निर्णय लेखी घ्यावा. उपलब्ध सेवातासांपैकी, म्हणजे बस प्रवाशांसाठी धावू शकतील अशा एकूण तासांपैकी, किती तास जास्तीत जास्त प्रवासी मिळतील अशा मार्गांना द्यायचे आणि किती तास प्रवासी कमी असले तरी सेवा पोहोचलीच पाहिजे अशा वस्त्यांना? हा प्रश्न तांत्रिक नाही, तो लोकप्रतिनिधींनी उघडपणे सोडवायचा आहे. तो टाळला, तर दुर्गम वस्तीच्या मार्गाला दरवर्षी उत्पन्नाच्या कसोटीवर नापास केले जाते, आणि ती कसोटी त्याच्यासाठी मुळात नव्हतीच.

आता गणिताकडे वळू. दोन केंद्रांमधील धावेला 52 मिनिटे लागतात आणि प्रत्येक टोकाला 8 मिनिटांचा थांबा आहे, असे समजा. जाऊन-येऊन 120 मिनिटे होतात, म्हणजे दर तासाला एक गाडी देण्यासाठी दोन बस पुरतात. 9:04 ला निघालेली बस 9:56 ला पोहोचते आणि 10:04 ला परत निघते. इतर दिशांच्या गाड्याही तासाच्या ठोक्याआधी येऊन ठोक्यानंतर निघत असतील, तर प्रवाशांना या आठ मिनिटांत कोणतीही जोडगाडी पकडता येते. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने 1982 मध्ये देशभर लागू केलेले ठरावीक अंतराचे वेळापत्रक अशाच शिस्तीवर उभे आहे.

याच मार्गावर कुणाच्या तरी आग्रहाखातर सहा मिनिटांचा वळसा घातला, की धाव 58 मिनिटांची होते. बस 10:02 ला पोहोचते, दोन मिनिटांत सामान घेऊन दुसरी गाडी गाठणे बहुतेकांना जमत नाही, आणि फेरा 132 मिनिटांचा झाल्याने तासाची सेवा टिकवायला तिसरी बस व तिचे कर्मचारी लागतात. सहा मिनिटांची किंमत एक अख्खी बस! वळशावरील वस्तीला मुख्य रस्त्यावर निवाऱ्याचा थांबा आणि तिथपर्यंत चालण्याजोगी वाट करून देणे बहुधा स्वस्त पडते. अंतर फार असेल, तर छोटी जोडसेवा द्यावी.

ही 52 मिनिटे सरासरीची असू नयेत. जीपीएस नोंदींतून दर शंभरांपैकी सुमारे 85 फेऱ्या ज्या वेळेत पूर्ण होतात, ती वेळ धरावी. याहून कमी धरल्यास चालकाची विश्रांती कापली जाते, जास्त धरल्यास गाड्या थांब्यांवर रेंगाळतात. आगारापासून पहिल्या थांब्यापर्यंतची रिकामी धावही हिशेबात घ्यावी. अनेक आराखड्यांत नेमकी हीच राहून जाते.

नवे जाळे लागू केल्यावर प्रवासीसंख्येवरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण लोकांच्या सवयी बदलायला कित्येक महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात केंद्रांवर माणसे उभी करून चुकलेल्या जोडगाड्या तेवढ्या मोजाव्यात, आणि एकाच धावेत त्या वारंवार चुकत असतील, तर त्या धावेची वेळ लगेच दुरुस्त करावी.