नागपूरच्या बागेतील कमानीसाठी सुगंधी वेल कशी निवडावी आणि पहिला उन्हाळा कसा काढावा

नागपुरात कमानीवर चढवायची वेल मे महिना डोळ्यांपुढे ठेवून निवडावी. पारा ४५ अंशांपलीकडे जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सूर्य मावळल्यावरही झळा थांबत नाहीत आणि त्याच बागेत हिवाळ्यातल्या कित्येक पहाटे तापमान १० अंशांखाली उतरते. विस्टेरियाचे जांभळे घोस पाहून मोहात पडू नये. तिला लागणारी लांब थंडी इथे मिळत नाही. बोगनवेल आणि संक्रांतवेल ऊन मजेत सोसतात, पण त्यांना सुगंध नाही. रातराणी हे झुडूप आहे, ते कमानीवर ओढूनताणून बांधले तरी वेलीसारखे वागत नाही.

उरतात त्या मधुमालती, जाई, जुई आणि माधवीलता. रुंद, भक्कम कमान असेल तर मी डोळे झाकून मधुमालती सुचवते. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, पुढच्या दोन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होते, आणि वास रात्री खरा खुलतो. पान गळाल्यावर देठाचा राहिलेला भाग काट्यासारखा कडक होतो व त्याच्या आधाराने ती स्वतःच वर चढते. फाटकावरच्या चार फुटी नाजूक कमानीला मात्र तिचे वजन पेलत नाही; तिथे जाई किंवा जुई लावावी आणि त्यांना वरचेवर बांधत राहण्याची तयारी ठेवावी. माधवीलता चिवट आहे, पण तिचा मुख्य बहर हिवाळा सरताना येऊन लवकर ओसरतो, आणि खोड जाड होत जाते.

नर्सरीत पाटीवर विसंबून रोप घेऊ नये, पान पाहावे. जाईचे पान अनेक पर्णिकांचे असते आणि टोकाची पर्णिका बहुधा मोठी असते. जुईच्या पानाच्या बुडाशी बहुधा कानांसारख्या दोन चिमुकल्या पर्णिका दिसतात. साधे, गोलसर, चकचकीत पान असेल तर तो मोगरा आहे, विकणारा काहीही म्हणो.

पाऊस स्थिरावल्यावर जुलैत, कमानीच्या पायापासून फूटभर अंतर सोडून, दोन फुटी खड्ड्यात काळी माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून रोप लावावे. कमानीचे पाय काँक्रीटमध्ये, शक्यतो मुरमापर्यंत खोल रोवावेत, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया हलवते.

खरी कसोटी पुढच्या एप्रिल-मेमध्ये लागते, आणि चांगली वाढलेली वेलही याच टप्प्यावर हातची जाते. लोक पाणी कमी पडले म्हणून हळहळतात. पुष्कळदा कारण कमानीचा लोखंडी पाइप असतो. दुपारी हात लावता येणार नाही इतका तो तापतो आणि त्याला टेकलेला कोवळा शेंडा करपतो. यावर भर दुपारी पाइपवर पाणी मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये, कारण ते पाणी पाहता पाहता वाळते आणि पाइप पुन्हा तितकाच तापतो. पाइपला पांढरा रंग द्यावा आणि त्यावर जाड काथ्याची दोरी दोन-दोन बोटे अंतराने गुंडाळावी. त्यामुळे कोवळे खोड तापल्या लोखंडाला थेट टेकत नाही आणि गुळगुळीत पाइपवर घसरणाऱ्या वेलीला पकड मिळते. नायलॉनची दोरी कधीही वापरू नये. खोड जाड होऊ लागले की ती सालीत रुतते. जाई-जुई बांधायला सुती कापडाच्या पट्ट्या किंवा सुतळी घ्यावी आणि गाठ बोट शिरेल इतकी सैल ठेवावी.

दुसरी गोष्ट मी प्रत्येकाला बजावते: मार्चनंतर शेंडे खुडू नयेत आणि युरिया मुळीच देऊ नये. वेल दाट व्हावी म्हणून केलेल्या या उपायांनी ऐन उन्हात कोवळे फुटवे निघतात आणि झळा सर्वांत आधी त्यांनाच खातात. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन जुन्या, पक्क्या फांद्या जगवणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. कमान अर्धी उघडी दिसली तर दिसू द्यावी. पश्चिमेच्या बाजूने एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत हिरवी शेडनेट लावावी, पण ती वेलीला चिकटवू नये, मध्ये वारा खेळू द्यावा. बुंध्याभोवतीच्या आळ्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा घालावा, म्हणजे जमीन भेगाळून मुळे तुटत नाहीत. पाणी पहाटे, सावकाश आणि खोलवर मुरेल असे द्यावे. रोज संध्याकाळी वरवर शिंपडलेले पाणी मुळांपर्यंत पोचत नाही.

मेच्या अखेरीस निम्मी पाने गळाली तरी वेल उपटू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर ती जिवंत आहे आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर फुटते.

दुसऱ्या वर्षापासून जाई-जुईची छाटणी जानेवारी अखेरीस करावी, कारण त्यांना नव्या फुटव्यांवर फुले येतात. मधुमालतीचीही छाटणी हिवाळ्यातच, आणि न कचरता एक तृतीयांश करावी. माधवीलतेला मात्र बहर संपेपर्यंत कात्री लावू नये, नाहीतर त्या वर्षीची फुले कापलेल्या फांद्यांबरोबरच जातात.