झोन न आलेली प्लेट

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षी ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटवर सल्फा या जिवाणूरोधक औषधाची डिस्क ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तर झोनच नाही, म्हणजे डिस्कभोवती जिवाणू न वाढलेली मोकळी जागाच नाही, डिस्कला खेटून दाट वाढ! ‘स्ट्रेन रेझिस्टंट’, म्हणजे या जिवाणूंवर औषध चालत नाही, असं जर्नलमध्ये लिहून मी मोकळी झाले. मॅडमनी जर्नल परत केलं. “मीडियात काय काय घातलंस, ते आधी लिही.”

जिवाणू वाढवायच्या त्या मीडियात मी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं होतं.

१९४० साली लंडनमध्ये डोनाल्ड वुड्स यांना यीस्टच्या अर्कातच सल्फाचा परिणाम पुसून टाकणारा पदार्थ दिसला. त्यांनी दाखवलं की पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल, म्हणजे पाबा, नेमकं हेच करतं. जिवाणू पाबापासून फोलेट हे वाढीला लागणारं जीवनसत्त्व बनवतात. फोलेटचा धडा सुरू करताना एन्झाइमांची यादी पाठ करू नका. पाबा आणि सल्फानिलामाइड हे सल्फा औषध कागदावर शेजारी शेजारी काढा. तेच बेन्झिनचं कडं, तोच अमिनो गट. फक्त कार्बॉक्सिलच्या जागी सल्फोनामाइड. फोलेट बनवताना पाबा वापरणारं एन्झाइम, डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज, इथेच फसतं. पण पाबा भरपूर असेल तर तोच जिंकतो, आणि माझ्या प्लेटवर तेच झालं असणार.

आपल्या पेशी फोलेट बनवतच नाहीत, ते अन्नातून घेतात. म्हणून या वाटेवरचा घाव जिवाणूंवर बसतो, आपल्यावर नाही. इंग्लिश डॉक्टर लुसी विल्स यांनी मुंबईतल्या गरोदर स्त्रियांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यांचा १९३१ चा निबंध मी याच धड्यासोबत वाचला, तुम्हीही वाचा. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला.

प्रॅक्टिकलला मुलर-हिंटन अगर हाच मीडिया घ्या, त्यात सल्फाला अडवणारे पदार्थ कमी असतात. तरी झोनच्या कडेला पुसट वाढ दिसली तर घाबरू नका. पेशीत साठलेल्या फोलेटवर जिवाणू काही पिढ्या काढतात, मग थांबतात. ती विरळ वाढ सोडून ठळक कडेपासून मोजा.

वेळ मिळाला तर ग्लुकोज आणि क्षारांच्या साध्या मीडियावर सल्फाच्या डिस्कजवळ पाबाची डिस्क ठेवून बघा. मी ठेवली होती. सल्फाचा झोन गोल आला, फक्त पाबाच्या बाजूने कापल्यासारखा सपाट. ती प्लेट मी आठवडाभर फ्रिजमध्ये जपून ठेवली होती.