ग्रीन वेव्हने मला तोंडघशी पाडलं तेव्हा

सिग्नलच्या टायमिंगचं काम शिकायला आलात म्हणजे सायकल (सिग्नलचा एक पूर्ण फेरा), फेज (त्यातली एकेका दिशेची पाळी), ऑफसेट (मागच्या सिग्नलनंतर पुढचा किती सेकंदांनी ग्रीन होतो ते) माहीत असणारच. सायकल किती लांब ठेवायची ते सांगणारं वेबस्टरचं १९५८चं सूत्रही पाठ असेल. म्हणून थेट ऑफसेटवर येते. मी आपटले ती तिथेच.

माझं पहिलं काम सलग चौकांना ग्रीन वेव्ह बसवण्याचं, म्हणजे गाड्यांना न थांबता एकामागोमाग ग्रीन मिळत जाईल असं टायमिंग. दोन चौकांत अंतर ४०० मीटर, वेग ताशी ४० किलोमीटर. म्हणजे पुढचा ग्रीन ३६ सेकंदांनी. पडद्यावरच्या आलेखात ग्रीनची वाट दाखवणारे तिरके पट्टे इतके देखणे की मी फोटो काढून ठेवला. रस्त्यावर मात्र गाड्यांचा घोळका समोर ग्रीन दिसत असूनही दर वेळी ब्रेक दाबत होता. तीन दिवस मी वेग मोजला, कंट्रोलरचं घड्याळ तपासलं. सगळं ठीक!

घोळ रांगेत होता. आडव्या रस्त्यावरून वळलेली आठेक वाहनं पुढच्या रेडला लेनमध्ये आधीच उभी असायची. ग्रीन लागल्यावर हलायला दोनेक सेकंद, मग प्रत्येक वाहनाला साधारण दोन. झाले १८. तेवढ्या आधी ग्रीन द्यायला हवा, म्हणजे ऑफसेट ३६ नव्हे, १८. पुन्हा सांगते, रांग मोजा. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. रांग फार लांब असेल तर उत्तर शून्याखाली जातं, म्हणजे पुढचा सिग्नल मागच्याच्या आधी सुटतो. विचित्र वाटेल, पण बरोबर आहे.

‘ॲडॅप्टिव्ह सिस्टीम (रहदारी पाहून टायमिंग स्वतः बदलणारी) हे आपोआप करते’ म्हणणारे सीनियर भेटतील. अर्धंच खरं. सिडनीत १९७०च्या दशकात घडलेली स्कॅट्स ही अशीच सिस्टीमसुद्धा रस्त्यात पुरलेल्या लूपवर, म्हणजे वाहन ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, विसंबते. लूप तुटला की तिथे ती आंधळी. खुर्चीतून न उठता टायमिंग बदलणाऱ्याला मी गुरू मानत नाही. आणि सायकल लांबवून क्षमता वाढवायचा शॉर्टकट? पादचारी कंटाळून रेडमध्येच रस्ता ओलांडतो.

घाबरू मात्र नका. ऑफसेट दुरुस्त केला तर एकही नवा खांब न उभारता थांबे कमी होतात, आणि थांबून पुन्हा वेग घेण्यातच तर इंधन जास्त जळतं. उशीर झालेल्या बससाठी ग्रीन थोडा लांबवता येतो, ॲम्ब्युलन्सला वाट मोकळी करून देता येते. फक्त ॲम्ब्युलन्स गेल्यावर वेव्ह पुन्हा जुळायला एक-दोन सायकली लागतात. तेवढ्यात फोन येईलच, ‘सिग्नल बिघडलाय’ म्हणून. काही बदलू नका, दोन सायकली थांबा.