ड्रॅगन खरा वाटत नाही? डिजिटल पेंटिंग करताना या चुका टाळा

ड्रॅगन कोणी पाहिलेला नाही, म्हणून तो कसाही काढला तरी चालतो, असा समज नव्या चित्रकारांत घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात होतं उलटंच. चित्र पाहणाऱ्याने ड्रॅगन पाहिलेला नसला तरी पाल, मगर, घार, वटवाघूळ, आग, धूर आणि संध्याकाळचा उजेड हे सगळं त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यातलं काही चुकलं की कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. मग चित्रकार आणखी खवले काढतो, आणखी शिंगं लावतो, चमक वाढवतो, आणि चित्र हाताबाहेर जातं.

पेडणे, म्हापसा, डिचोलीकडची बरीच मुलं आपली चित्रं मला दाखवायला आणतात. हातात कसब असतं, मेहनतही भरपूर असते. पण तक्रार एकच असते: "काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही." अशा वेळी मी त्यांना मागे जायला सांगतो. बिघाड खवल्यांत दिसत असला तरी तो बहुतेक वेळा सांगाड्यात किंवा उजेडात झालेला असतो, आणि तो तिथेच दुरुस्त करावा लागतो.

दुसऱ्यांचे ड्रॅगन बघून ड्रॅगन काढणं

इंटरनेटवरून पंधरा-वीस ड्रॅगन गोळा करायचे आणि एकाचं डोकं, दुसऱ्याचे पंख, तिसऱ्याची शेपटी उचलायची, ही सगळ्यात मोठी चूक. त्या प्रत्येक चित्रकाराने काही गोष्टी गाळलेल्या असतात, काही सोप्या केलेल्या असतात. तुम्ही त्याची नक्कल करता तेव्हा गाळलेलं तुम्हाला कधीच कळत नाही.

गोव्यात राहणाऱ्याने तर असं करूच नये, इतकं साहित्य आपल्या दारात आहे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि ओहोटीला त्या चिखलावर येऊन पडतात. घोरपड तर गावागावांत दिसते. चालताना तिचं पोट कसं डुलतं, कोपरं कशी बाहेर येतात आणि मान किती लवचिक असते ते बघा. कुळागरात पोफळीच्या खोडावर नीट नजर ठेवली तर उडता सरडाही सापडतो. वीतभर लांबीचा, सालीच्या रंगाचा. नराच्या गळ्याखाली पिवळा पडदा असतो, तो मधूनच बाहेर काढतो. याच्या 'पंखांना' आधार आहे लांबलेल्या बरगड्यांचा. म्हणून तो पंख फडफडवू शकत नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. बरगड्यांवरचे पंख असलेला ड्रॅगन अजून फार कमी लोकांनी रंगवला आहे. ज्याला वेगळं काही करायचं आहे त्याने हे जरूर करून बघावं.

पंख पाठीला चिकटवणं

यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण दहापैकी निम्मी चित्रं इथेच अडतात.

चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले. पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही प्राण्याला सहा अवयव नाहीत, त्यामुळे ही जोडणी तुम्हालाच विचार करून बसवावी लागते. पंख म्हणजे हातांची आणखी एक जोडी. त्यांना स्वतःचं खांद्याचं हाड हवं, ते ओढायला स्नायू हवेत आणि त्या स्नायूंना धरायला खोल छाती हवी. पक्ष्यांच्या छातीच्या हाडाला पुढे उभा कंगोरा आलेला असतो तो याचसाठी. सडपातळ, सापासारखी छाती आणि तिच्यावर अवाढव्य पंख, असं काढलं की तो प्राणी उडेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पुढच्या पायांच्या खांद्यामागे थोड्या अंतरावर पंखांचा दुसरा खांदा बसवा, छाती खोल करा, मान जिथे धडाला मिळते तिथे जाडी द्या. हे जमत नसेल तर सुरुवातीला मागचे दोन पाय आणि हातांच्या जागी पंख, अशा वायव्हर्न प्रकाराचा ड्रॅगन घ्या. त्याची रचना वटवाघळासारखी असल्याने तो समजायला सोपा जातो.

आता वटवाघूळच बघा. फळं खाणारी मोठी वटवाघळं दिवसा वडा-पिंपळावर उलटी लोंबकळत असतात, पंख अंगाभोवती गुंडाळून. मधूनच एखादं पंख उघडतं तेव्हा दुर्बिणीतून पाहिलं की सगळं स्पष्ट दिसतं: खांदा, कोपर, मनगट, मनगटापाशी सुटा अंगठा आणि तिथूनच निघालेली चार लांब बोटं. कातडं या बोटांमध्ये ताणलेलं असतं, शेवटच्या बोटापासून ते अंगाच्या कुशीला आणि मागच्या पायापर्यंत जातं. आपल्या चित्रांत बोटं कुठूनही उगवतात, कोपर नसतंच, आणि कातडं कुठे संपतं हे कळू नये म्हणून तिथे धूर काढलेला असतो.

तपासायचं कसं? चित्रावर एक नवा लेअर (पारदर्शक थर) घ्या, खालच्या चित्राची ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, तीस टक्क्यांवर आणा आणि लाल रंगाने फक्त हाडं काढा. सगळी बोटं एकाच मनगटात मिळतात का? दोन्ही पंखांत कोपर आहे का? मिटलेल्या पंखातली बोटं उघड्या पंखातल्या बोटांएवढीच लांब आहेत का? हाड घडी घालून आखूड होत नाही, हे मिटलेले पंख काढताना हमखास विसरलं जातं. आणि कातड्याची कड बाहेर फुगवू नका. उघड्या छत्रीची कड दोन काड्यांमध्ये जशी आत वळते तशीच ती दोन बोटांमध्ये आत वळली पाहिजे.

उडण्याची क्षणचित्रं हवी असतील तर बेतीजवळच्या मालीम जेटीवर मासळी उतरते तेव्हा जा. घारी तिथे घिरट्या घालत असतात. झेप घेताना, वळताना, उतरताना त्यांचे पंख, शेपटी आणि पाय काय करतात ते मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपा. उतरताना पाय पुढे येतात, शेपटी पसरते, अंग मागे कलतं. ड्रॅगन किल्ल्यावर उतरताना दाखवायचा असेल तर याहून चांगला रेफरन्स नाही.

जबडा नाकापाशीच उघडणं

ही चूक छोटी असली तरी तिने चेहरा लगेच बिघडतो. मगरीचा जबडा डोळ्याच्या बराच मागे, कवटीच्या टोकापाशी जोडलेला असतो. उन्हात तोंड उघडून पडलेली मगर बघितली की हे पटतं. तोंडाचा कोपरा डोळ्याच्या पुढे थांबवला तर ड्रॅगन गर्जना करण्याऐवजी काहीतरी चावत असल्यासारखा दिसतो. शिवाय मगरीची जीभ खालच्या जबड्याला धरलेली असते, तर घोरपडीची लांब आणि दुभंगलेली. दोन्हींपैकी एक निवडा.

प्रचंड म्हणून काढलेला ड्रॅगन पालीएवढा दिसणं

दूधसागरचा फोटो नुसता बघितला तर तो किती उंच आहे हे कळत नाही. त्याच फोटोत पुलावरून जाणारी आगगाडी आली की छाती दडपते, कारण तीनशे मीटरच्या त्या पाण्यापुढे डबे काडेपेटीएवढे झालेले असतात. आकार नेहमी शेजारच्या ओळखीच्या वस्तूवरून कळतो. ड्रॅगन कॅनव्हासभर मोठा काढून तो मोठा होत नाही. त्याच्या पायाशी होडी हवी, माड हवा, तटबंदीवरचा माणूस हवा.

दुसरं कारण हवेचं. सत्तरीतून किंवा चोर्ला घाटातून सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक बघा. प्रत्येक मागची रांग जास्त फिकी, जास्त निळसर, आणि तिच्यातला गडद-उजळ फरक कमी. ड्रॅगन खरोखर अजस्र असेल तर त्याच्या शेपटीचं टोक डोक्यापेक्षा खूप दूर असणार, म्हणजे तेही हवेत विरायला हवं. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा काळा रंग भरला की तो पुन्हा पालीएवढा होतो. शेपटीवर क्लिपिंग मास्क (रंग शेपटीच्या बाहेर जाऊ न देणारा थर) लावून आकाशाचा रंग हलक्या ओपॅसिटीने चढवला तरी फरक ताबडतोब दिसतो. खवल्यांनाही हाच नियम: मोठ्या प्राण्यावर ते त्याच्या शरीराच्या मानाने बारीक दिसतात. मोठे खवले काढले की प्राणी लहान भासतो.

उजेड ठरवायच्या आधी रंग भरणं

रंग भरण्याआधी एक वाक्य लिहून ठेवा: उजेड कुठून येतो आणि कशाचा आहे. हे ठरलं नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आषाढातल्या ढगाळ दुपारी उजेड वरून, सगळ्या आभाळातून येतो. पाठ उजळते, पोटाखाली मऊ सावली असते, कडक पडछाया जवळजवळ नसते आणि ओल्या कातडीवर आभाळाचं प्रतिबिंब पडतं. मे महिन्याच्या उन्हात शापोऱ्याच्या किल्ल्यावर ड्रॅगन बसवलात तर जांभ्या दगडावरून उठलेला तांबूस उजेड त्याच्या पोटावर आणि हनुवटीखाली यायलाच हवा. आणि समुद्रावरचा सूर्यास्त ड्रॅगनच्या मागे ठेवलात तर त्याचा आपल्याकडचा भाग अंधारात जाणार. उजळणार ती फक्त कड आणि पंखांचं पातळ कातडं, ज्यातून उजेड आरपार येऊन नारिंगी-लाल होतो. मागे सूर्य आणि समोरचा चेहराही लख्ख, अशी चित्रं मी सतत बघतो. चेहरा दाखवायचा मोह होतो हे मला मान्य आहे, पण मग सूर्याची जागा बदला.

आगीच्या बाबतीत तर घोळ ठरलेलाच. चित्र पूर्ण झाल्यावर शेवटी तोंडातून ज्वाळा काढल्या जातात आणि वर कलर डॉजचा (खालचे रंग उजळवून चमकवणारा) एक लेअर चढवला जातो. आग हा उजेडाचा स्रोत आहे, त्यामुळे तिचा निर्णय सुरुवातीलाच व्हायला हवा. नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात नरकासुराचा पुतळा जाळतात तेव्हा फक्त आगीकडे बघू नका, भोवतालच्या माणसांकडे बघा. जवळच्यांचे चेहरे लख्ख पिवळे असतात, आणि दोन पावलं मागे उभे असलेले एकदम अंधारात बुडतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून हे इतक्या झपाट्याने घडतं. आपल्या चित्रांत मात्र आगीची लाली शेपटीपर्यंत सारखी पसरलेली असते. धूरही नीट बघा: खालून नारिंगी, वर गेल्यावर पहाटेच्या आभाळाचा निळा. ज्वाळेचा गाभा जवळजवळ पांढरा-पिवळा असतो आणि नारिंगी कडेला येतो. भर दुपारच्या उन्हात हीच आग फिकी दिसते, तेव्हा आग दाखवायचीच असेल तर वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची घ्या.

कलर डॉज लावूनही सावलीत चमक येत नाही, अशी तक्रार असेल तर खालचा रंग तपासा. निव्वळ काळ्यावर कलर डॉजचा परिणामच होत नाही. सावल्या गडद निळ्या, गडद तपकिरी ठेवा. रंग मळके होण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं: सावलीसाठी सगळीकडे राखाडी किंवा काळा मल्टिप्लाय केलेला, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडने चढवलेला असतो.

सगळ्यात वर राखाडी रंगाने भरलेला एक लेअर ठेवा आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची पद्धत) 'कलर' करा. तो चालू केला की चित्र कृष्णधवल दिसेल. चित्र नखाएवढं लहान करून बघा. त्यात ड्रॅगन आणि आकाश वेगळे कळत नसतील तर रंगांशी खेळणं थांबवा, आधी गडद-उजळ नीट करा. फोटोशॉप, क्रिटा, प्रोक्रिएट, चित्रकलेच्या या सगळ्या प्रोग्राममध्ये हे जमतं. चित्र आडवं उलटवूनही पाहत राहा (क्रिटात नुसती 'एम' दाबली की होतं). वाकडी कवटी, घसरलेला डोळा तिथे लगेच पकडला जातो.

खवल्यांचा शिक्का मारणं

खवल्यांचा तयार ब्रश घेऊन अंगभर फिरवला की ड्रॅगन टाइल्स लावल्यासारखा सपाट होतो. मगरीकडे परत चला. पाठीवर उंच, हाडाच्या ढालींच्या रांगा. पोटावर मोठे, सपाट, चौकोनी खवले. कुशीत बारीक, गोलसर दाणे. आणि डोक्यावरचे तर रीतसर खवलेच नव्हेत, वाढताना कातडीला पडलेल्या भेगांची ती नक्षी आहे. तुमच्या ड्रॅगनलाही हे विभाग पाडून द्या, आणि सांध्यापाशी, जिथे कातडी वळते, तिथे खवले लहान करा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लख्ख उजेडात आणि गडद सावलीत खवले फारसे दिसत नाहीत. ते दिसतात उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात. तेवढ्याच पट्ट्यात आणि चेहऱ्याभोवती बारकाईने काढा, बाकी सुचवून सोडा. अंग प्लास्टिकचं वाटत असेल तर मऊ एअरब्रश बाजूला ठेवा आणि प्रत्येक खवल्यावरचा पांढरा ठिपका पुसून टाका.

पेन, फाइल आणि छपाई

विंडोजवर पेनाचा दाब अचानक कळेनासा झाला तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज पॉइंटर इनपुट या पेन ओळखण्याच्या दोन पर्यायांची अदलाबदल करून प्रोग्राम पुन्हा सुरू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. पावसाळ्यात हात टॅब्लेटला चिकटतो आणि रेषा थरथरते. दोन बोटांचा हातमोजा घाला, रेषा सरळ ठेवणारा स्टॅबिलायझर थोडा वाढवा. वीज जाण्याचे दिवस असतील तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच आणि ऑटोसेव्हचं अंतर कमी ठेवा. मूळ फाइल लेअरसकट सांभाळा. जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी बिघडते.

कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या. ए३ आकारात ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेलवर केलेलं चित्र त्याच प्रतीत छापलं तर जेमतेम नऊ सेंटीमीटर भरतं, आणि नंतर ताणून ते सुधारत नाही. स्क्रीनवरचा धगधगीत नारिंगी शाईत तसा उतरत नाही, म्हणून फोटोशॉप किंवा क्रिटात कंट्रोल-वाय दाबून सीएमवायकेचा, म्हणजे छपाईच्या चार शाईंचा, अंदाज आधी घ्या. छपाईवाल्याकडून त्याच कागदावर एक छोटा तुकडा काढून घ्या, ज्यात आगही असेल आणि पंखाचा सगळ्यात गडद भागही. त्या तुकड्यात पंखातली बोटं वेगळी दिसत नसतील तर सावल्या थोड्या उजळ करा आणि मगच पूर्ण प्रिंट काढा.